पाणसळ खिशात घालून जेवायला

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
संकल्प. अठ्ठावीस तारखेला लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. बाहेर जेवायला जाणार म्हणजे जाणार.

आज कपड्यांच्या घड्या घालताना बायको म्हणाली, यंदा घरीच जेवू या. कारण विचारलं. म्हणाली, मागच्या वर्षी तुम्ही सूप दोनदा परत पाठवलंत, तिसऱ्यांदा वेटर फिरकलाच नाही, आणि आपण घरी येऊन ब्रेड-ऑम्लेट खाल्लं. घटनाक्रम बरोबर आहे. पण नैतिक विजय माझा होता हे ती सोयीस्करपणे विसरते. एक संधी मागितली. हातातल्या टॉवेलची घडी तिने पुरी केली. मग म्हणाली, बरं, पण ही शेवटची. मला एकदा तरी तुमच्यासमोर बसून निवांत जेवायचंय.

योजना तयार आहे. पंपाच्या कारखान्यात उभं आयुष्य क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलं. माल गिऱ्हाइकाच्या हातात पडायच्या आधी दोष सापडला पाहिजे, हा आमचा नियम. तेव्हा रेस्टॉरंटं मी आधीच तपासून ठेवायची, आणि त्या दिवशी ब्र काढायचा नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही याचं नवल वाटतं.

४ नोव्हेंबर
पहिली तपासणी. बँकेसमोरचं, निळ्या काचेच्या दाराचं. एकटाच गेलो. ही म्हणाली, मीही येऊ का? म्हटलं, छे, सरप्राइज जाईल. तिने कालची भाजी गरम करून घेतली.

टेबल डुगडुगत होतं. सपाटी बघायला खिशातली पाणसळ काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला. पायाखाली पेपर नॅपकिन सरकवायला खाली वाकलो, तेव्हा आजूबाजूची मंडळी वळून पाहू लागली. जाणकार माणूस दिसला की लोक पाहतातच. सूपमध्ये थर्मामीटर घातला: कोमट. नापास.

सूप मात्र पूर्ण संपवलं. त्यानंतरचे तीन पदार्थही. अर्धवट नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्यांतला मी नाही.

७ नोव्हेंबर
दुसरं रेस्टॉरंट. अंधार. याला म्हणे वातावरणनिर्मिती म्हणतात. मेनू वाचायला टॉर्च लावला, तो शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याच्या तोंडावर पडला. ते उठून लांब जाऊन बसले. त्यांनाही तिथे दिसत नसावं.

थर्मामीटर बाहेर काढल्यावर मॅनेजर धावत आला. अदबीने म्हणाला, साहेब सरकारी तपासणीला आलेत का? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पुडिंग फुकट आलं. निःपक्षपातीपणाला बाधा येऊ नये म्हणून आणखी एक मागवून त्याच्याशी ताडून पाहिलं. तेही फुकट आलं. दोन्ही नापास.

१० नोव्हेंबर
आता दुपारचं जेवणही तपासणीतच. घरी जेवणं जवळजवळ बंद. बायको फोनवर तिच्या धाकट्या बहिणीला सांगत होती, हल्ली अगं मी शांतपणे जेवते, पुस्तक वाचत वाचत. बिचारी. माझ्यासाठी किती सोसते.

मेहुणी मला माझ्या माघारी इन्स्पेक्टर म्हणते. मला ठाऊक आहे. मनातून तिला आदर आहे.

१३ नोव्हेंबर
तिसरं. मासा आतून कच्चा आणि कडेला करपलेला. परत पाठवला. तर खुद्द मुख्य स्वयंपाकी बाहेर आला, हातात डाव. आमची अर्धा तास तांत्रिक चर्चा झाली. त्याचा आवाज जरा मोठा आहे. शेवटी दोन माणसं मला दारापर्यंत पोचवायला आली, एकाने तर दंडाला धरलं होतं. असा पाहुणचार आजकाल कुठे राहिलाय?

१६ नोव्हेंबर
पँट आटली. बायकोला सांगितलं की कपड्यांचा साबण बदल. ती म्हणाली, साबणाने पट्टाही आटतो का? हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

छातीत जळजळ. हवामान.

२० नोव्हेंबर
सापडलं!

पोस्टाच्या मागच्या गल्लीत, मोजकी टेबलं असलेलं. एक वयस्क बाई गल्ल्यावर, त्यांचा जावई स्वयंपाकघरात. टेबल सपाट. सूप कढत. काटे-चमचे स्वच्छ. दोष काढायला जंग जंग पछाडलं. एकही सापडला नाही. खरं सांगायचं तर थोडं चुकल्यासारखं झालं. खात्री करायला परवापासून लागोपाठ तीन दिवस गेलो.

खिडकीजवळचं टेबल राखून ठेवलं. पूर्ण मेनूही ठरवून दिला: मशरूमचं सूप, मासा, पुडिंग. बाईंनी विचारलं, मॅडमना काय आवडतं? म्हटलं, मी मागवतो ते तिला आवडतं. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. बाई अस्सं म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

२२ नोव्हेंबर
न बोलण्याची रंगीत तालीम, घरच्या टेबलावर. एक अख्खं जेवण तक्रारीविना पार पाडलं. मीठ कमी होतं एवढंच सांगितलं. पोळ्यांच्या कडा जाड होत्या तेही. पण त्या तक्रारी नव्हेत, निरीक्षणं. तालीम यशस्वी.

बायकोने नवे कपडे इस्त्री करून दारामागे लावलेत. जाता-येता त्यांच्यावरून हात फिरवते. यंदा बाजी मारणार मी.

२५ नोव्हेंबर, दुपार
कारखान्यात पोटात अशी कळ आली की पंपाला धरून उभा राहिलो. कंपनीच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. काय काय खाल्लं विचारलं. मी तारीखवार सांगायला लागलो. त्यांनी मध्येच पेन खाली ठेवलं.

पोटाला सूज. पंधरा दिवस मऊ भात, बिनमिठाचा. बाकी काही नाही. अठ्ठावीस तारखेपुरती सूट मिळेल का? म्हणाले, मिळेल, पण जेवून झाल्यावर तसेच हॉस्पिटलात येऊन पडा.

या डॉक्टरांच्या पात्रतेबद्दल मला पूर्वीपासून शंका आहे.

२७ नोव्हेंबर
पर्याय मांडले. पहिला: मीही जाईन, नुसता बसेन, देखरेख करेन. बायको म्हणाली, तुम्ही रिकामी ताटली पुढे घेऊन माझ्या घासाकडे बघत बसणार? नको गं बाई. दुसरा: पुढे ढकलू. ती उठली. दारामागचे कपडे काढून कपाटात ठेवायला निघाली. मला ते बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, धाकट्या बहिणीला घेऊन जा.

थांबली. खरंच? म्हणाली. लगेच फोन लावला. इतक्या लगेच लावायला नको होता.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळी सात
गेल्या. पाणसळ आणि थर्मामीटर मी बायकोच्या पर्समध्ये घातले होते. दोन्ही चपलांच्या स्टँडवर ठेवलेले सापडले.

साडेआठ
भात खाल्ला. देखरेख म्हणून रेस्टॉरंटला फोन केला. बाईंनी उचलला. मागे कुणीतरी बाई खो खो हसत होती, थांबेचना, मध्येच टेबलावर हात आपटत होती. मी बाईंना म्हटलं, हे काय, गिऱ्हाइकांना असा गोंगाट करू देता? आमच्या मंडळींना त्रास होत असेल, त्यांना आधी गप्प करा.

बाई म्हणाल्या, अहो, त्या तुमच्याच मॅडम.

फोन ठेवला. हसू ओळखीचं वाटायला हवं होतं. लग्नाआधी एकदा ऐकलं होतं बहुतेक, नक्की आठवत नाही. फार वाईट वाटलं. पोटदुखीमुळे नाही.

२९ नोव्हेंबर
सकाळी अहवाल मागितला. बायकोने चहा घेता घेता दिला.

खिडकीजवळ बसल्याच नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी बसल्या, कारण आत जावई गाणं म्हणत होता. टेबल डुगडुगत होतं का? लक्ष नव्हतं. सूप? गप्पांत गार झालं, तसंच प्यायलो. मशरूमचं? छे, टोमॅटोचं. मशरूम मला कधीच आवडत नाही. मी म्हटलं, मग इतकी वर्षं? म्हणाली, तुम्ही वेटरशी वाद घालण्यात गुंतलेले असायचात, मी हळूच तुमच्या वाटीत ओतायची. तुम्ही म्हणायचात, बघ, इथे वाटी भरून देतात.

मासा कडेला करपला होता. तोच तुकडा दोघींनी भांडून खाल्ला.

मी म्हटलं, म्हणजे एकंदरीत सुमारच. ती म्हणाली, आजवरचं सगळ्यात छान जेवण. नवे कपडे परत इस्त्री करायला काढले होते. विचारलं, आता कशाला? म्हणाली, बुधवारी परत जातोय. आता दर बुधवारी जायचं ठरलंय.

जातोय म्हणजे मीही आलोच, मला बरं वाटलं. म्हटलं, अगं पण माझं पथ्य आहे. ती म्हणाली, हो ना, तुमचा भात झाकून ठेवून जाईन.