घरात अर्थ नसल्याबद्दल खुलासा

तीर्थस्वरूप दादांस, साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिने चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. माझीही तब्येत ठीक आहे (जेवण सोडून). पत्राचं कारण तुमच्याच घरी येऊन बसलंय. तुमच्या बहिणीने माझ्याबद्दल जे सांगितलं असेल ते शब्दशः खरं आहे, पण त्या शब्दांनीच घात केला.

निवृत्तीनंतर मी गाणी ऐकायला अँप्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले, हे तुम्हाला माहीत आहे (तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत, तेही मला माहीत आहे). पण गाण्यामागे सतत घुरघुर. फ्रिज सुरू झाला की स्पीकरमध्ये ठक्क, आणि हिने शिलाई मशीन चालवलं की भर आलापात खरखर. दोष विजेचा, असं ठरवून मी गाण्याआधी घरातलं एकेक बंद करू लागलो. फ्रिज बंद केला, दूध नासलं. ती काही बोलली नाही. पाण्याचा पंप बंद केला तेव्हा तिच्या डोक्याला साबण होता. तेव्हा मात्र बोलली (ते इथे लिहीत नाही). मशीनचा प्लग काढला तो नेमका फ्रॉकची एक बाही राहिलेली असताना.

शेवटी वायरमनला फोन लावला. तो कुठेतरी भिंतीला भोकं पाडत होता, म्हणून मला ओरडावं लागलं. आमच्या वायरिंगला अर्थिंगच नाही, जास्तीची वीज जमिनीत नेणारी तारच नाही, एवढंच मला सांगायचं होतं. पण ही मंडळी नुसतं ‘अर्थ’ म्हणतात, म्हणून मीही त्यांच्याच भाषेत ओरडलो, “अहो, या घरात काही अर्थच नाही! पहिल्यापासूनच नव्हता! इतकी वर्षं मी उगाच सहन केलं!”

मागे वळलो तर ही दारात, माझा चहा घेऊन. कप तिने आवाज न करता टेबलावर ठेवला. मी समजवायला गेलो, तर म्हणाली, “आता अर्थ नका समजावू मला.” आणि बॅग भरली.

वायरमन काल काम करून गेला. घुरघुर गेली, खरखर गेली. गाणं इतकं स्वच्छ लागतं की गायिकेचा श्वासही कळतो. मी अर्ध्यातच बंद केलं. दादा, मला करमत नाही हो.

आपल्या बहिणीचा नवरा (अजून तरी)

ता. क. हे पत्र तुमच्याआधी तीच फोडणार. तेव्हा दादा, पुढचं तुम्ही वाचू नका.

ता. क. २. अगं, वायरमन म्हणतो, अर्थ नीट बसलाय की नाही ते घरातलं सगळं एकदम चालू करूनच कळतं. फ्रिज चालू आहे, पंप चालू आहे. शिलाई मशीन मला चालवता येत नाही.