आयडूचं नवीन घर

४ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. खिडकीजवळची जागा मिळाली. घरसामान हलवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटसाठी मी पानं लिहायची, अशी की कुणी सर्चमध्ये काही विचारलं तर आपलं पान सगळ्यांत वर दिसावं. ऑफिसात सगळे जिला ताई म्हणतात तिने शिकवलं, लोक काय टाइप करतात ते आधी बघायचं आणि त्यांच्याच शब्दांत उत्तर द्यायचं. फ्रिज आडवा नेला तर चालतो का. मांजर नवीन घरात रमत नाही. मी मांजराचं पान लिहिलं. ताई म्हणाली, मांजराने वाचलं तर तेही रमेल. किती दिवसांनी हसले.

दादाचं ऐकून घर बदललं ते बरं केलं. लेक गेली त्याच घरात बसून मी झुरत राहिले असते.

११ फेब्रुवारी
लोकांनी टाइप केलेल्या ओळी वाचत होते. मधेच एक ओळ: 'आयडूचं नवीन घर कुठे आहे'.

आयडू म्हणजे मी. मला ही हाक एकाच जिवाने मारली, तापात शेवटची.

घर सोडताना तिचे बूटसुद्धा घेऊन आले. पत्ता सांगायचा तेवढा राहिला.

१२ फेब्रुवारी
दादा फोनवर म्हणाला, असेल कुणाचं तरी पोर, जिवाला लावून घेऊ नकोस. आज पुन्हा दिसली ओळ. 'आयडू जुन्या घरी नाही'.

मी तिच्यासाठी पान लिहिलं. कोपऱ्यावरून कसं वळायचं, कुठला जिना, पिवळं दार. बेल उंच आहे, म्हणून दार लोटूनच ठेवीन.

१४ फेब्रुवारी
पान कुठेच दिसत नाही. ताईला मोघम विचारलं. ती म्हणाली, अगं, एकाच माणसाच्या शब्दाने पान वर येत नाही, सगळे जो शब्द टाकतात तो घाल. मी जिथे जिथे 'आयडू' होतं तिथे 'आई' केलं.

१७ फेब्रुवारी
पान सगळ्यांत वर आलं. संध्याकाळी घरी आले तर पायपुसण्यावर छोटे बूट. धावतच उचलले. तिचे नव्हते.

१८ फेब्रुवारी
ऑफिसला गेले नाही. जिनाभर बूट, चपला, काही पाय अनवाणीच. दाराला कडी लावली आहे. बाहेरून हाका येतात, आई, आई. इतके आवाज, आणि त्यात माझं एकही नाही.

१९ फेब्रुवारी
पान काढून टाकलं. ताई म्हणते, काढलं तरी सर्चमध्ये काही दिवस दिसत राहतं.

अजून येताहेत— कुणी रडत नाही, नुसती दाराला टेकून—

२० फेब्रुवारी
आत्ता— जिन्याच्या अगदी तळाशी—

"आयडू."

सगळ्यांच्या मागे आहे. ती ढकलाढकली करणार नाही. रांगेत थांबायचं, मीच शिकवलं—

कडी काढली. इवले हात, गार— पदराला, मनगटाला— सोडत नाहीत. घेते रे, सगळ्यांना घेते आत, तिला तेवढी वाट—

हाक बारीक होत चालली. तिला वाटतंय, चुकीच्या घरी आले. माघारी—

थांब गं, हेच घर, मीच तुझी आय