सारवलेली जमीन

आई, तुला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मी आज लिहायला बसले आहे. मला सगळं उशिरा सुचतं, असं तू म्हणायचीस, ते खोटं नव्हतं. त्या दुपारबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. तू गप्प राहिलीस मला वाचवायला आणि मी गप्प राहिले तेही मलाच वाचवायला.

दुष्काळाचं साल होतं. बाबा जाऊन तीन वर्षं झालेली, तू खडी फोडायला जायचीस. त्या दिवशी बाजार म्हणून कामाला सुट्टी होती. तू भाकरी थापते आहेस, मी चुलीत काटक्या सारते आहे, आणि एक माणूस धापा टाकत थेट आत शिरतो. ओढ्याकाठी हातभट्टी लावणाऱ्या दोन टोळ्या होत्या, त्यातल्या एकीचा हा. आपली तोंडओळखसुद्धा नव्हती. "मावशे, पानी," एवढंच म्हणाला. तू तांब्या पुढे केलास आणि तेवढ्यात दुसऱ्या टोळीचे चौघे कुऱ्हाडी घेऊन आत आले. तू मला पोटाशी ओढून माझे डोळे दाबलेस. कान कोण दाबणार? ते पळाल्यावर त्याची माणसं बैलगाडी घेऊन आली. त्याला उचलून बाहेर नेताना उंबऱ्यातच त्याचा जीव गेला.

"फौजदार येऊस्तवर कशाला हात लावायचा न्हाई," तू म्हणालीस. तुला तेवढं कळत होतं. मीच हट्ट धरला. चौदा वर्षांची घोडी मी, पाय आपटून रडले, "आदी सारव! मयत निगाल्यावर सारवत्यातच की! मला हितं ऱ्हावत न्हाई." माझं रडणं तुला कधी बघवलं नाही. तू शेण कालवलंस आणि चुलीपासून उंबऱ्यापर्यंत सगळी जमीन सारवून काढलीस.

दिवस कलताना फौजदार आले आणि ओली जमीन बघून भडकलेच. "रक्त पुसायला कुणी सांगितलं, बाई? त्यांना सामील आहेस का तू?"

"मयत निगाल्यावर सारवत्यात, सायेब. माज्या मनानंच केलं म्या."

मग त्यांनी मला विचारलं, हे खरं का. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. मी म्हणाले, "मला न्हाई ठावं."

दोन दिवस तुला चौकीत बसवून ठेवलं. पुढे पुराव्याअभावी ते चौघे सुटले आणि बोल तुला लागला. रांडाव बाईच्या चुलीपर्यंत दारूवाला गेलाच कसा, पुरावा तिनेच का पुसला, असं गावभर झालं. खडीवरच्या बायका तुझ्याजवळ भाकरी सोडायला बसेनात. एका वाक्याचं काम होतं, आई. मी ते तेव्हा केलं नाही, आणि पुढे नवऱ्याला, मुलांना सांगायचंही टाळलं. लाज वाटते म्हणणं सोपं आहे. ती वाटूनही मी जेवले-खाल्ले, संसार केला.

मामाने जामखेडकडचं स्थळ आणलं. लग्न त्याच्याच दारात, आपल्या गावापासून लांब, तुला लागलेला बोल वऱ्हाडाच्या कानावर जाऊ नये म्हणून. अक्षता पडायच्या आधी तुझा निरोप आला, अंगात ताप आहे, येववत नाही. सगळे हळहळले, मामी तर रडलीच, मीही पदर डोळ्यांना लावला. तुला ताप नव्हता हे मला माहीत होतं.

हा कागद मी फाडणार नाही, पण कुणाला दाखवणारही नाही, एवढी हिंमत अजून आलेली नाही. तुला मात्र सांगते. तू येत नाहीस असं कळलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं.