बारा नंबरचा पाना आणि माझी बाकीची मालमत्ता

मी, नागोराव किसन ढोमणे, वय वर्षे सदुसष्ट, निवृत्त फिटर, राहणार बिबवेवाडी, पुणे, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि सकाळचा चहा घेऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी हृदयात एक स्प्रिंग बसवली. डोक्याला हात लावलेला नाही. माझे मूळ गाव पुसद. सन १९६७ साली पिंपरीच्या एका कारखान्यात लागलो. पुढे तिथे संगणकावर चालणारी यंत्रे आली आणि २००१ साली आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. स्वेच्छा त्यांची होती. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

१. राहता फ्लॅट माझी पत्नी सौ. ललिता हिला मिळावा. तिच्या हयातीत तो विकण्याचा विषय मुलांनी काढू नये. तिने स्वतः काढला तर मुकाट्याने ऐकावे. तिच्या पश्चात मुलगा दिग्विजय व मुलगी नम्रता यांना निम्मा निम्मा.

२. बँकेतील ठेवीही ललिताच्याच. पावत्या कपाटात साड्यांच्या खाली आहेत. हे तिला सांगायची गरज नाही, कारण त्या तिथे तिनेच ठेवल्या आहेत आणि मलाच सापडत नाहीत.

३. माझी पांढरी मारुती आठशे नम्रताला द्यावी. ती कात्रजला राहते, चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घ्यावी एवढे तिला कळते. लहानपणी ती बॉनेटपाशी टॉर्च धरून उभी राहायची आणि प्रकाश कुठे पाडायचा हे तिला कधी सांगावे लागले नाही. असा माणूस घरात असणे हे भाग्य आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून इथे लिहितो.

४. माझा जॅक शेजारी श्री. सर्जेराव यांना द्यावा. तो २००४ पासून त्यांच्याकडेच आहे. आता त्यांनी तो निर्धास्तपणे वापरावा.

५. पार्किंगमध्ये ‘येथे वाहने खोलू नयेत’ अशी पाटी लावणाऱ्या सोसायटीच्या माजी चेअरमनना मी क्षमा करतो. पाटी मात्र कोणीतरी सरळ करावी. इतकी वर्षे ती डावीकडे कललेली पाहून माझ्या जिवाला जो त्रास झाला, तो मजकुराने झाला नाही.

६. आता रॅचेट पान्यांचा संच. या एका वस्तूसाठीच खरे तर हे सगळे लिहायला बसलो.

दिग्विजय हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. सन २००३ मध्ये तो प्रथमच कामासाठी अमेरिकेला गेला, सहा महिने राहिला, आणि येताना माझ्यासाठी हा संच घेऊन आला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साधा पाना थोडा फिरवला की काढून पुन्हा बसवावा लागतो. रॅचेट पाना काढावा लागत नाही. पुढे नेताना पकडतो, मागे घेताना नुसता कटकट करत मोकळा फिरतो. घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याने तो घेताना आतल्या चक्राला दाते किती ते पाहावे. बहात्तर असले तर हात जरासा हलायला जागा मिळाली तरी काम होते. दिशा बदलायची कळ हवी की नको, हे आपली गाडी पाहून ठरवावे. कळ घेतली तर डोके जाड होते. बिनकळीचा पाना पातळ असतो, पण दिशा बदलायला तो काढून, पालथा करून लावावा लागतो.

दिगूने हे सगळे तिथल्या दुकानात उभे राहून वाचून काढले होते. तिथून मला फोन करून पान्यांचे नंबर विचारले. मी सांगितले: दहा, बारा, चौदा, सतरा. त्याने पातळ, बिनकळीचा संच निवडला, कारण आपल्या इंजिनात जागा कुठे अपुरी आहे हे त्याला पाठ होते.

पुढच्याच रविवारी तो उठायच्या आत मी एकट्याने मारुतीचा आल्टरनेटर उतरवायला घेतला. नवे हत्यार आले की दम निघत नाही. बाराच्या पान्याने लांब बोल्ट सोडवत गेलो. बोल्ट बाहेर येत येत त्याचे डोके समोरच्या पत्र्यापर्यंत आले आणि पाना मधल्या मध्ये अडकला. आणखी सोडवायला जागा नाही. परत आवळावा, तर पाना पालथा करायला बाहेर निघत नाही. अशा ठिकाणी बोल्ट निम्मा सुटला की साधा पाना लावायचा, हे मी कारखान्यात किती जणांना शिकवले असेल. रॅचेटच्या दांड्याला पाइप लावून जोर करायचा नाही, हेही मीच शिकवायचो. मी पाइप लावला. आतले दाते तुटले. मग हॅक्सॉच्या पात्याने बोल्ट कापून पाना काढला.

इतक्यात दिगू चहा घेऊन खाली आला. मी त्याला म्हणालो, “तुझा अमेरिकेचा पाना पहिल्याच बोल्टला गेला. फसवलं तुला.”

तो म्हणाला, “बघू, बाबा.”

“आता काय बघणार? बघायचं ते दुकानात बघायचं.”

त्याने कप माझ्या हातात दिला आणि तो वर गेला.

त्यानंतर आठ वर्षांत त्याने माझ्यासोबत बॉनेट उघडलेले नाही. स्वतःची गाडी सर्व्हिस सेंटरला देतो आणि काय बदलले तेही विचारत नाही. घरात मिक्सर घ्यायचा तरी आधी बहिणीला फोन करतो. ललिता चिडली की अजून गावची बोलते. ती मला म्हणाली होती, “तुम्हाले पान्यातलं समजते, पोरातलं नाही समजत.” तिलाही मी खरे सांगितले नाही.

तरी हा संच, तुटक्या पान्यासह, माझ्या पश्चात दिग्विजयला द्यावा आणि हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

७. इथवर लिहून मी साक्षीदार म्हणून सर्जेरावांना बोलावले. साक्षीदाराने सही करायची असते, मजकूर वाचायचा नसतो. पण ते जन्माने पुण्याचे. त्यांनी दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्याने. साक्षीदाराने वाटणी घेणे बरे दिसत नाही, सबब जॅक परत करतो, असे म्हणाले. अद्याप आलेला नाही. मग सहाव्या कलमावर बोट ठेवून म्हणाले, “नागोराव, यावर मी सही करणार नाही. मेल्यावर चूक कबूल करणारे फार हुशार असतात. उत्तर ऐकून घ्यावं लागत नाही.”

मी म्हणालो, बघू. ललिताने तोवर दिगूचा नंबर फिरवून फोन माझ्या हातात दिला होता.

मी त्याला सगळे सांगितले. अडकलेला बोल्ट, पाइप, सगळे. फोन कटला असे वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो. मग त्याने विचारले, “म्हणजे बाबा, मी चांगला सेट आणला होता?”

चौतीस वर्षांचा माणूस, हाताखाली वीस माणसे. मी म्हणालो, “चांगला होता रे. मी गेलो असतो तर मला इतका चांगला निवडता आला नसता.” मग फोन ललिताने घेतला.

दुपारी तो आला, जेवला. संच मी माझ्या हाताने त्याला दिला आणि तो घेऊन दिगू खाली पार्किंगमध्ये मारुतीपाशी गेला.

सबब कलम सहा रद्द समजावे. सदर संच आता माझ्या मालकीचा राहिलेला नाही. बाकी सर्व वरीलप्रमाणे.

ठिकाण: बिबवेवाडी, पुणे
दिनांक: १६ ऑक्टोबर २०११, रविवार

(सही) नागोराव किसन ढोमणे

आमच्यासमक्ष सही केली:
१. (सही) सर्जेराव बाबूराव शितोळे, शेजारी
२. (सही) हेमा विनायक आगाशे, दुसरा मजला