यादीच्या माथ्यावरचा शब्द

मंगळ. ९ मार्च १९४८, बोरी

ह्यांचा कोट उन्हात टाकताना आतल्या खिशात घडी घातलेला कागद लागला. ह्यांच्याच अक्षरात, इंग्रजीत. एकतीस नावं, सगळी बोरीच्या गड्यांची. हे मास्तर म्हणून गंगाखेडकडून आले, माझं तर माहेरच इथलं. एकूण एक माणूस ओळखीचा. अकरावं नाव दादाचं, माझ्या सख्ख्या भावाचं. प्रत्येकापुढं वय. काहींपुढं बारीक रेघ. माथ्यावर एक शब्द, ह्यांनी मला कधी न शिकवलेला. अक्षरं उतरून घेतली. एफ ई एन सी आय बी एल ई. कागद होता तसा ठेवला.

विचारलं नाही. तीन वर्षं समोर बसवून इंग्रजी शिकवलं ह्यांनी, तरी विचारवलं नाही.

बुध. १०

हे शाळेत गेल्यावर जाडी डिक्शनरी काढली. फेन्स म्हणजे कुंपण. तलवारीच्या खेळालाही तोच शब्द. आणि चोरीचा माल घेणाऱ्यालाही तोच. एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. ही चोरांची यादी म्हणावी तर दादानं उभ्या जन्मात कुणाची काडी उचलली नाही. पुढचं बघणार तोच शेजारीण ताकाला आली. मिटून ठेवली.

शुक्र. १२

निजामाची शाळा, शुक्रवारची सुट्टी. हे तांबडं फुटताच सायकलवर जिंतूरला. खडू आणायचे म्हणाले. खडूची पेटी गेल्याच आठवड्यात आलीय, मीच उतरवून घेतली.

रवि. १४

काल दिवस कलताना वेशीत रझाकारांची मोटार आली. हत्यारवाले सहा-सात होते म्हणे. नारायण सुताराला आणि लोहाराच्या थोरल्याला बसवून घेऊन गेले. कुठं, कुणाला ठाऊक नाही. लोहाराची सून दारात बसून आहे, रडतसुद्धा नाही.

दोघांच्याही नावापुढं रेघ होती. दादाच्या? आठवत नाही. डोळे मिटून कागद समोर आणायला बघते, रेघ दिसते आणि पुसते.

सोम. १५

कोटात कागद नव्हता. नकाशाच्या गुंडाळीत सापडला. दादापुढं रेघ आहे.

तशीच खळ्यावर गेले. ज्वारी उफणायची थांबवून दादानं सगळं ऐकून घेतलं. “मास्तर आपला माणूस हाय. तू घरचं बग,” म्हणाला. मी वळले तर मागून हळूच विचारलं, “आनखी कोनी पाह्यला तो कागद?”

म्हणजे कागद आहे हे त्याला ठाऊक. मग ह्यांनी मला का नाही... आणि दोघंच का उचलले, रेघा तर नऊ आहेत.

बुध. १७

आज शब्द सापडला. फेन्सिबल. जुना, आता कुणी वापरत नाही असं लिहिलंय. हत्यार धरण्याजोगा माणूस. मूळ डिफेन्सिबल, सुरुवातीचं ‘डि’ झडून गेलं.

जेवताना विचारलं. ह्यांचा हात ताटातच थांबला. कुठं वाचला म्हणाले. डिक्शनरीत म्हणाले मी. खोटं नव्हतं. मग शाळेत शिकवतात तसं सांगत गेले. पूर्वी विलायतेत गावोगाव सोळा ते साठ वयाच्या गड्यांची अशी मोजदाद व्हायची. पुढं याच नावाच्या पलटणी निघाल्या. त्यांनी आपल्या मुलखाची राखण करायची, बाहेर पाठवायचं नाही अशी अट.

“मुलूख कोणाचा म्हणायचा?” मी विचारलं.

“भाकरी वाढ,” म्हणाले.

नारायण सुतार परतला नाही. लोहाराचाही नाही.

शुक्र. १९

आज पुन्हा जिंतूर. हे आंघोळीला गेल्यावर कागद काढला. सोळा ते साठ, हे ह्यांनीच सांगितलं. ह्यांचं वय चौतीस, आणि यादीत ह्यांचं नाव नाही. दादाचं आहे, ह्यांचं नाही. बत्तिसावं म्हणून ह्यांचं नाव मी लिहिलं. इंग्रजीत, ह्यांच्याच टाकानं. अक्षर वाचता येतं.

निघताना ह्यांनी कागद उघडला. मी चुलीपाशी होते. ओरडतील वाटलं. जवळ येऊन म्हणाले, “केशवमध्ये डबल्यू लावलास. व्ही पायजे.”

टाक घेतला, अक्षर दुरुस्त केलं, पुढं वय घातलं. मग टाक नावापुढं तसाच धरून थांबले. ह्यांची पाठ माझ्याकडं होती. रेघ ओढली की नाही, मला दिसलं नाही. घडी घालून खिशात ठेवली आणि गेले.

एरवी दुपारच्या भाकरीला परत असतात. आता उन्हं ओट्यावरून खाली उतरली. मास्तर आले का म्हणून दादा दोनदा विचारून गेला. दुसऱ्या खेपेला त्याच्या खांद्यावर घोंगडी होती, या उन्हाळ्यात, आणि घोंगडीखाली काय ते मी विचारलं नाही. बंदुकीच्या नळीचं टोक दिसत होतं.