एका खोक्यात दोघा भावांची काडतुसं

प्रिय थॅडियसभावजी,

रविवार, १७ नोव्हेंबर, दुपारी सव्वातीन. तुमच्या अपराधाची वेळ लिहून ठेवली आहे. तुमचा गुडघा बरा असेल, तुमच्या मिल्ड्रेडचा खोकला गेला असेल, अशी आशा करते. माझी तब्येत विचारू नका.

"वहिनी, दादाचं टेबल नुसतं पडून आहे, दोन काडतुसं भरून बघतो," म्हणालात, म्हणून तळघराची किल्ली दिली. ह्यांची शिस्त तुम्हाला ठाऊक होती. बंदुकीच्या दारूचा एका वेळी एकच डबा टेबलावर, उरलेली लगेच त्याच डब्यात परत, आणि कानाशी रेडिओ नाही. (आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर युस्टेशियाही कन्फेशनला एका वेळी एकीलाच आत सोडत. दोघींची पापं एकत्र झाली की प्रायश्चित्त कुणाला किती, ते कळत नाही.) तुम्ही फुटबॉलची मॅच लावून, दोन दारूंचे दोन डबे उघडे टाकून बसलात. काडतुसं भरायच्या यंत्रात कुठली घातली विचारलं, तर म्हणे, "काळीच दिसतेय की, वहिनी." काळी तर मिरीही असते, भावजी. आणि चष्मा कपाळावर चढवून डोळे वाचत नाहीत.

एवढ्यावर भागलं असतं, तर अ‍ॅपल पाय खाऊ घालून निरोप दिला असता. पण भरलेली काडतुसं तुम्ही समोरच्या अर्धवट भरलेल्या खोक्यात टाकलीत. ते खोकं ह्यांनी इस्पितळात जाण्याआधी भरायला घेतलं होतं. मी ते उडवण्यासाठी ठेवलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर एकेक काडतूस दिव्याखाली धरून पाहिलं. तुमचं कुठलं, ह्यांचं कुठलं, ओळखता आलं नाही. (शिकाऊ माणसाचं काम इतकं नीटस असावं, याचाही राग आला.) चुकीच्या दारूनं बंदूक हातातच फुटते, हे ह्यांनीच मला शिकवलेलं. मग ह्यांचा चष्मा लावून सगळी उघडली आणि दारू बागेत पसरून टाकली. ह्यांच्या हातचं आता घरात काही उरलं नाही.

तुमची वहिनी,
जेनेव्हीव्ह

ता.क. जाताना मूठभर काडतुसं तुम्ही जाकिटाच्या खिशात टाकलीत, ते मी पाहिलं. शनिवारी हरणांचा मोसम उघडतो. ती उडवू नका, परत आणा. एक भाऊ गेला तेवढं पुरे. (पत्र मिल्ड्रेडच्याच हाती देतेय, म्हणजे मिळालं नाही म्हणायची सोय नको.)

आणखी एक. त्यात ह्यांचंही एखादं असेल, तरी मी उघडीनच. नंतर पहिल्यापासून शिकायचं असेल, तर टेबल मोकळं आहे. रेडिओ मी वर नेऊन ठेवलाय.

शेवटचं. उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत हवं, आणि लेखी हवं. फोन करू नका. फोनवर तुमचा आवाज अगदी ह्यांच्यासारखा येतो.