जवाईबापूंची चैन

कामठी रोड, नागपूर
अधिक ज्येष्ठ, भर दुपार (लाइन गेलेली, कुलर बंद)

रा. रा. जवाईबापू मुकुंदराव यांस मारोतरावचा नमस्कार.

तुमची तब्येत उत्तम असणारच, कारण बिघडण्यासारखे जे काही होते ते तुम्ही आमच्या गॅरेजात आणून ठेवले आहे. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. वंदनाही बरी आहे. फक्त धोंड्याच्या जेवणाला आज नऊ दिवस झाले, तरी ती सावनेरला परत जायचे नाव घेत नाही आणि तुमचेही घेत नाही. (प्रेमलताने उखाण्याची लाडीगोडी करून पाहिली. "त्या चैनवाल्याचं नाव माह्यापुढं काढू नका वहिनी," एवढेच उत्तर आले.) तुम्ही घरचे जावई, मी तुमचा मोठा साळा. जावयाला टाकून बोलायचे नाही ही आपल्याकडची रीत, म्हणून तुम्हाला अक्कल नाही असे मी या पत्रात कुठेही लिहिलेले नाही. वाचताना तसे वाटले तर तो तुमचा समज. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर मी काय बोललो आणि तुम्ही काय ऐकले, याच्यावर सध्या अख्खा कामठी रोड हसून राहिला आहे.

तरी एकदा उजळणी करू. होळीच्या सुमारास वंदनाने मला कळवले, की तुमची माल वाहायची गाडी सकाळी चालू करताना समोरून खडखड वाजते आणि गरम झाली की गप्प होते. यात विचार करण्यासारखे काही नव्हते, टायमिंगची चैन ढिली झाली होती. (इंजिनात खाली पिस्टन नाचतात आणि वर व्हॉल्व्ह उघडझाप करतात. दोघांची टक्कर होऊ नये म्हणून ही चैन त्यांची वेळ जुळवून ठेवते. दहा वर्षे स्टिअरिंग धरणाऱ्याला हे ठाऊक असेल असा माझा एक भाबडा समज होता.) मी लगेच तुम्हाला फोन केला, "जवाईबापू, तुमच्यासाठी नवी चैन घेऊन ठेवली. चांगली जाड आहे. येऊन जा एकदा, टाकून देतो." आता मी मेस्त्री. मेस्त्री चैन म्हणाला तर ती कुठली, हे लहान पोरालाही कळावे. तुम्ही मात्र लाजलात. फोनवर लाजलेले ऐकू येते, जवाईबापू. म्हणालात, "घाई काहून करून राहिले दादा? धोंड्याचा महिना येऊनच राहिला, तवा टाका. चार लोकांत बरं दिसते." मला वाटले, असेल माणूस कामात. तुम्ही मात्र गळ्यात सोने पडणार म्हणून तीन महिने आरशासमोर मान वळवून पाहत होतात. वंदना रोज म्हणायची, गाडी दादाला दाखवा. तुम्ही रोज म्हणायचात, धोंड्यात जायचेच आहे. आणि खडखड वाढली तसा गाण्यांचा आवाज वाढवून इतवारीला गहू पोचवत राहिलात.

मग धोंड्याच्या दिवशी, अर्ध्या वाटेत, पाटणसावंगीच्या पुढे चैन तुटली. तुटली तर तुटली, गाडी जागेवर सोडून शहाण्या माणसाने फोन करावा. तुम्ही सेल्फ मारला. एकदा नाही, वंदनाने मोजले, अकरा वेळा. प्रत्येक वेळी आत पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हच्या टाळक्यात बसत होता आणि बाहेर तुम्ही "आता घेईल, आता घेईल" म्हणत होतात. सेल्फने घेईना तेव्हा रस्त्यावरचे चार जण गोळा करून धक्का मारायला लावलात. (मेलेल्या म्हशीला उठवायला एवढी माणसे कोणी लावत नाही.) शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून, स्वतः ऐटीत स्टिअरिंगवर बसून तुम्ही सासरी आलात. जावई ओढून आणावा लागतो असे ऐकले होते, पाहिले पहिल्यांदा.

पुढचे तुम्हाला आठवत असेल, पण मला लिहायचे आहे. तुम्ही पाटावर बसलात, पुढे तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यावर दिवा. तेवढ्या वेळात मी इंजिनाचे समोरचे झाकण खोलले होते. तुटलेली चैन तुम्हाला दाखवावी म्हणून ताटात घेतली आणि रांगोळीवर तेल टपकू नये म्हणून वरून फडके झाकले. यात माझे चुकले काय? ताट समोर आले आणि तुम्ही डोळे मिटले, शर्टाचे वरचे बटण काढले आणि मान वाकवली. सगळे घर पाहत होते. वंदनाने विचारले, "मान काहून वाकवली?" तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "दादानं फोनवर कबूल केलं हाये." मी फडके काढले. ती आधी पोट धरून हसली, मग गाडी तीन महिने मला का दाखवली नाही, याचा तिच्या डोक्यात उजेड पडला आणि हसू जागच्या जागी थांबले. त्या ट्रकवर तुमचे घर चालते हो! तिने तेव्हाच सांगितले, की ज्याची चूक असेल त्याने माझ्यासमोर कबूल करावी, मगच मी सावनेरला पाय ठेवीन. तुम्ही काय केले? ताटातले अनारसे पिशवीत भरले आणि बसने निघून गेलात.

आता इंजिनाचे ऐका. हेड, म्हणजे इंजिनाचे डोके, खोलले. सोळापैकी अकरा व्हॉल्व्ह वाकलेले, आणि पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरी उमटलेल्या. खालचे तेलाचे चेंबर खोलले तर त्यात चैनला धरून ठेवणारी पट्टी सापडली, तुकड्या-तुकड्यांत. चार तुकडे मिळाले, पाचवा अजून सापडायचा आहे. जुनी, घासलेली, कुठल्या तरी भंगारातून उचललेली पट्टी! चैन ढिली झाली ती हिच्यामुळे. ही कोणी बसवली, हे मला विचारायची गरज पडली नाही. दिवाळीनंतर तुम्ही गाडी सावनेरच्या रुपराव मेस्त्रीकडे नेली होती. घरचा मेस्त्री सोडून जावई बाहेर जातो, तेव्हा असेच होते. माझी पद्धत गॅरेजच्या सगळ्या लाइनला माहीत आहे. मी बसवलेल्या प्रत्येक पार्टवर खिळ्याने 'मा' कोरतो, आणि अडचणीत काही तात्पुरते लावावे लागले तर पुढे 'ता' कोरतो, म्हणजे नंतर बदलायचे विसरू नये. काम करावे तर नाव टाकून करावे. या चार तुकड्यांवर ना नाव ना गाव. मी रुपरावला फोन लावून त्याच्या तीन पिढ्यांच्या मेस्त्रीगिरीचा उद्धार केला. तो एवढेच म्हणाला, "म्या तं फक्त तेल बदललं, मारोतराव." चोर कधी म्हणतो का, की मीच होतो?

तेव्हा चूक दोघांची, पट्टी बसवणाऱ्या त्या अडाण्याची आणि तीन महिने गळा साफ करून बसलेल्या तुमची. रुपराव काही माझ्या बहिणीसमोर उभा राहायचा नाही. तुम्ही मात्र एका कोऱ्या कागदावर 'माझी चूक झाली' एवढी एक ओळ लिहा, सही करा आणि घेऊन या. जावयाला यात काही कमीपणा नाही. चूक कबूल करायला छाती लागते, आणि ती आमच्या घराण्यात सगळ्यांना आहे. तुम्ही आता आमच्यातलेच.

कळावे, लोभ आहे तेवढा पुरे.

तुमचा साळा,
मारोतराव मेस्त्री

ता.क. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात गाडीच्या सीटखाली एक पिशवी सापडली. आत नवाकोरा कुर्ता, दुकानाची चिठ्ठीही न काढलेला, गळा चांगला मोठा. सेल्फ मारून आणि माणसे गोळा करून तुम्ही घामाघूम झालात, तो घालायचा राहून गेला असेल. प्रेमलता म्हणाली, "चैन दिसावी म्हणून घेतला असंन वं माय, बिचाऱ्यानं." मी म्हटले, मूर्खच आहे. पण मला हसू आले नाही.

ता.क. दुसरा. पट्टीचा पाचवा तुकडा सापडला. तेलाच्या जाळीत अडकला होता. मी डिझेलने धुऊन उन्हात ठेवला. प्रेमलता पाणी घेऊन आली, तिने तुकडा पाहिला आणि दोन्ही हात जोडले. म्हणाली, "याच्यावर 'माता' लिहून हाये." मी पाहिले. आहे. 'मा' आणि पुढे 'ता'. माझ्याच अक्षरात. मग सगळे आठवले. मागच्या भाऊबीजेला वंदना याच गाडीने ओवाळायला आली होती, खडखड तेव्हाही थोडी होतीच. पार्टची दुकाने बंद, तिला संध्याकाळच्या आत सावनेर गाठायचे, म्हणून मी एका मेलेल्या इंजिनाची पट्टी काढून बसवली आणि म्हटले, महिन्याभरात बदलू. विसरू नये म्हणून कोरले, आणि विसरलो. बहिणीला भाऊबीज म्हणून मी हे दिले. रुपरावला फोन केला. त्याने उचलला नाही. मी असतो तर मीही उचलला नसता.

ता.क. शेवटचा, दोन दिवसांनी, आणि पत्र खरे याच्यासाठी आहे. वर कोरा कागद मागितला आहे तो आणू नका, ती ओळ मीच लिहून सही करून ठेवली आहे. पण वंदनासमोर एकट्याने उभे राहायची माझी छाती होत नाही, म्हणून तुम्ही या. तिची बॅग प्रेमलताने भरून दारात ठेवली आहे. इंजिनात नवे व्हॉल्व्ह बसले आहेत, नवी पट्टी आणि नवी चैन बसवायची तेवढी राहिली. धोंड्याचा महिना संपायला अजून चार दिवस आहेत. काल इतवारीला सराफ्यात जाऊन आलो. कुर्ता प्रेमलताने इस्त्री करून ठेवला आहे, तोच घाला. मी फडक्याने झाकलेले ताट घेऊन समोर आलो, तर लाजू नका. मान वाकवा.